ओतण्याआधी

संगणकाच्या पडद्यावरची रंगीत चित्रं बघून लोखंड ओतता येत नाही, असं मी नोकरीतली बरीच वर्षं ठामपणे म्हणत आलो. मालकांपुढे म्हटलं, ग्राहक कंपन्यांकडून येणाऱ्या क्वालिटीच्या माणसांपुढे म्हटलं, नव्यानं लागलेल्या इंजिनिअर मुलांपुढे तर रोजच म्हटलं. आता म्हणत नाही. ओतकाम संगणकावर आधीच चालवून दाखवणारं सिम्युलेशन विकायला येणारे लोक जी कारणं सांगायचे, त्यांतल्या एकानंही माझं मत बदललेलं नाही. ते बदललं वेगळ्याच गोष्टीनं, आणि ती गोष्ट मी आजवर कुणाला सविस्तर सांगितलेली नाही.

मी वालूरचा. परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यात आमचं गाव. वळणावळणानं खाली उतरणाऱ्या पायऱ्यांच्या बारवेमुळे हल्ली बाहेरची माणसंही गावाचं नाव घेतात. गावकऱ्यांनीच गाळ काढून ती मोकळी केली, याचा मला अभिमान आहे. कारखानदारीशी गावाचा संबंध एवढाच, की इथली पोरं सेलूला रेल्वेत बसतात आणि कारखान्यांच्या गावी जातात. बजाजचा कारखाना १९८५ मध्ये वाळूजला सुरू झाल्यापासून बहुतेकांची वाट औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची. मी परभणीला आयटीआय केलं आणि ओळखीच्या माणसामागोमाग कोल्हापूर गाठलं. ऊस, गुऱ्हाळं आणि ऑइल इंजिन यांच्या जोरावर तिथलं ओतकाम वाढलं. यंत्रमहर्षी म्हादबा मेस्त्रींचं नाव आजही तिथं आदरानं घेतात. शिवाजी उद्यमनगरातल्या छोट्या छोट्या शेडांत चालणारं काम पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलपर्यंत पसरलं. मी त्या पसरण्याच्या काळात गेलो आणि तिथलाच झालो.

मोल्डिंगपासून सुरुवात करून माझ्याकडे शेवटी मेथडिंगचं काम आलं. ग्राहक पार्टचं ड्रॉइंग पाठवतो. वाळूत ठसा उठवायला त्याचा पॅटर्न कसा करायचा, पार्ट वाळूच्या मोल्डमध्ये उभा ठेवायचा की आडवा, लोखंड कुठून आत घ्यायचं आणि रायझर कुठं बसवायचा, हे सगळं आधी ठरवावं लागतं. रायझर म्हणजे पार्टला जोडून ठेवलेला लोखंडाचा जादा साठा. वितळलेलं लोखंड गोठताना आक्रसतं. जो भाग सगळ्यांत शेवटी गोठतो त्याला पुरवठा करायला कुणी उरत नाही, आणि तिथं आत पोकळी राहते. ती पोकळी पार्टात न राहता रायझरमध्ये राहावी, म्हणून रायझर पार्टच्या नंतर गोठला पाहिजे. तत्त्व एवढंच. तत्त्व साधं आहे, पार्टचा आकार साधा नसतो.

किती वेळात काय गोठेल याचा नियम ख्वोरिनोव नावाच्या धातुतज्ज्ञानं १९४० मध्ये मांडला. आकारमानाला पृष्ठभागानं भागायचं आणि येणाऱ्या आकड्याचा वर्ग करायचा. गोठायला लागणारा वेळ त्या प्रमाणात. एक ठोकळा घ्या, तिन्ही बाजूंनी १० सेंटीमीटरचा. एक पाटा घ्या, २५ बाय २० चा आणि २ सेंटीमीटर जाडीचा. दोन्हींत लोखंड सारखंच, सात किलोच्या आसपास. पण पाट्याचा पृष्ठभाग जवळजवळ दुप्पट, म्हणून ठोकळ्याला गोठायला पाट्याच्या जवळपास चौपट वेळ लागतो. आता असे ठोकळे आणि पाटे एकमेकांना जोडलेले, मध्ये भोकं, फासळ्या, कोपरे, आणि शेजारी आतली पोकळ जागा घडवणारा, तापलेला वाळूचा कोअर, असा पार्ट डोळ्यांसमोर आणा. कागदावरचा नियम तिथं थकतो.

ज्या मिस्त्रींच्या हाताखाली मी शिकलो, त्यांनी ख्वोरिनोवचं नाव ऐकलेलं नव्हतं. दोन भिंती जिथं मिळतात तिथं ते ड्रॉइंगवर आत बसेल तेवढं मोठं वर्तुळ काढायचे. वर्तुळ जिथं मोठं तिथं लोखंड उशिरा गोठणार, आणि रायझर तिकडे. त्यांच्या पेन्सिलीखाली कित्येक पार्ट पहिल्याच ट्रायलला पास झाले. ते मी बघितलं होतं, म्हणून पडद्यावर लाल-पिवळा डाग दाखवून "इथं हॉट स्पॉट आहे" असं कुणी सांगितलं की मला त्यात नवं काही दिसायचं नाही. तो डाग आम्हाला पेन्सिलीनं दिसत होता.

माझ्या विरोधाला इतरही कारणं होती, आणि ती आजही मला खोटी वाटत नाहीत. पडद्यावरचा मोल्ड सगळीकडे सारखा असतो. आमची वाळू तशी नसते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तिच्यातली ओल सांभाळता सांभाळता सँड प्लांटवरचा माणूस मेटाकुटीला येतो. लोखंड १३८० अंशांना ओतायचं असं कागदावर लिहिलेलं असतं. पण भट्टीपासून लॅडल चालत येते, पहिला मोल्ड भरतो, दहावा भरतो, तोवर तापमान उतरलेलं असतं. तोच पॅटर्न, तीच माणसं, आणि दिवसपाळीचं कास्टिंग चांगलं तर रात्रपाळीचं वाईट. या सगळ्यातलं काहीच ज्याला माहीत नाही, त्या यंत्राच्या शब्दावर मी कसा चालू? दुसरं असं, की लायसन्सला लाखांनी पैसे लागायचे, आणि माझ्या मनात यायचं की तेवढ्यात चार चांगले मोल्डर पोसता येतील. तिसरं कारण सांगायला मला अजूनही वाईट वाटतं. काही ठिकाणी सिम्युलेशनची चित्रं फक्त ग्राहकाच्या फाइलीला लावायला काढली जात. मेथडिंग आधी ठरलेलं असे, पॅटर्न तयार असे, आणि चित्रं मागाहून. ती कुणी बघतही नसे.

मग एक पार्ट आला. एसजी आयर्नचं हाउसिंग, आत तेलाचा दाब सोसणारं. कास्टिंग बाहेरून स्वच्छ दिसायचं, आमच्याकडून जायचं, आणि ग्राहकाकडे पूर्ण मशिनिंग झाल्यावर दाबाच्या चाचणीत एका कोपऱ्यातून झिरपायचं. फाउंड्रीसाठी याहून वाईट रिजेक्शन नाही, कारण तोवर त्यावर दुसऱ्याची मेहनतही खर्च झालेली असते.

त्याच सुमारास आमच्याकडे इस्लामपूरकडची एक मुलगी लागली होती, इंजिनिअरिंग करून आलेली. मालकांनी सिम्युलेशन घेतलं होतं आणि ते तिच्याकडे दिलं होतं. पहिल्याच दिवशी ती माझ्या टेबलाशी आली.

"काका, रायझर तुम्ही इथंच का घेतला?"

"तिथंच लागतो."

"म्हणजे तो कोपरा शेवटी गोठतो म्हणून?"

"दुसरं काय?"

तिनं वाद घातला नाही. वहीत लिहून घेतलं. दोन दिवसांनी चित्रं घेऊन आली. कोपरा खरंच शेवटी गोठत होता, आणि रायझर त्याला पुरत होता. म्हणजे तिच्या गणितानंही माझ्या मेथडिंगला पास केलं होतं. आणि कास्टिंग तर झिरपत होतं. मला वाटलं, विषय संपला. यंत्र मला जे माहीत आहे तेच सांगतं, आणि मला जे माहीत नाही ते त्यालाही माहीत नाही.

तिला तसं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एक कागद घेऊन शॉप फ्लोअरवर उतरली. त्यावर तिनं गणितात काय काय धरलं होतं ते एकाखाली एक लिहिलेलं होतं: ओतायचं तापमान, मोल्ड भरायला लागणारे सेकंद, लोखंडातलं कार्बन आणि सिलिकॉनचं प्रमाण, वाळूचे गुण, आणि शेवटी, मोल्डची भिंत हलत नाही.

"काका, यातलं काहीतरी खोटं आहे. कुठलं ते शोधू या."

त्या वाक्याचा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. त्या क्षणी मात्र केला नाही, कामाला लागलो. तापमान मोजलं, उतरत होतं, पण फार नाही. ओतायचा वेळ घड्याळ लावून घेतला. माणसागणिक फरक होता, पण झिरपण्याशी त्याचा मेळ बसेना. मग मोल्डचा कडकपणा बघितला. तो मोजायचं छोटं उपकरण आमच्याकडे कपाटात पडून असायचं. वरच्या सपाटीवर आकडा नव्वदीच्या आसपास यायचा. त्या कोपऱ्याशी पॅटर्नमध्ये एक खोल खाच होती. खाचेत उपकरण जेमतेम पोचलं, आणि आकडा सत्तरीच्याही खाली आला. मशीनचा दाब त्या खाचेत नीट उतरतच नव्हता. बाहेरून मोल्ड टणक दिसत होता, आत भिंत मऊ होती.

एसजी आयर्नमध्ये याचा अर्थ फार मोठा होतो. या लोखंडात गोठताना ग्राफाइटचे बारीक गोळे तयार होतात, आणि ते होताना लोखंड थोडं फुगतं. मोल्ड कडक असेल तर हे फुगणं आतल्या आत आक्रसणं भरून काढतं; लोखंड स्वतःच स्वतःला पुरवतं. मोल्ड मऊ असेल तर फुगण्याचा जोर भिंत मागे ढकलण्यात खर्ची पडतो, मोल्डमधली जागा मोठी होते, आणि शेवटी लोखंड कमी पडतं. तिनं त्या जागची भिंत हलते असं गणितात धरलं आणि पुन्हा चालवलं. ज्या कोपऱ्यातून तेल झिरपत होतं, बरोबर तिथं पडद्यावर पोकळी उमटली.

उपाय लहानसाच होता. पॅटर्नची दिशा बदलली, खाच दाबाच्या बाजूला आणली, तिथं वायू निघून जायला वेंट दिले. झिरपणं थांबलं. आणि मोल्ड सगळीकडे कडक आहे याची खात्री झाल्यावर रायझरही लहान करता आला, कारण मी तो भीतीपोटी मोठा ठेवला होता.

माझं मत फिरलं ते पोकळी बरोबर जागी उमटली म्हणून नाही. ते त्याआधीच, तो कागद हातात असताना हललं होतं. माझ्या मिस्त्रींचा किंवा माझा अंदाज चुकला, की नेमकं काय चुकलं हे कुणालाच कळायचं नाही. आम्ही रायझर इकडचा तिकडे करायचो, गेट रुंद करायचो, तापमान वाढवायचो, आणि एखाद्या ट्रायलला जमायचं. जमलं की पुढे जायचो. का जमलं ते सांगता यायचं नाही, म्हणून पुढच्या पार्टला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तिचं गणित चुकलं तेव्हा मात्र त्याच्या पायाखाली धरलेल्या गोष्टींची यादी तयार होती. प्रत्येक गोष्ट जाऊन तपासता येत होती. सिम्युलेशनला आमचा पावसाळा माहीत नाही, ही माझी तक्रार खरीच होती. पण त्याला काय माहीत नाही हे ते लपवत नव्हतं. आमच्यात ते लिहून ठेवायची पद्धतच नव्हती. डोक्यात होतं, आणि माणूस रिटायर झाला की डोक्याबरोबर गेलं. माझ्या मिस्त्रींचं तसंच झालं. त्यांच्या वर्तुळांचे कागद कुठं गेले, ते मला आज सांगता येत नाही.

त्यानंतर मी या विषयाचं मिळेल ते वाचलं. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक बी. रवी यांनी ओतकामासाठी ऑटोकास्ट हे सॉफ्टवेअर आपल्याकडेच विकसित केलं, आणि २००५ मध्ये त्यांचं धातूच्या ओतकामाच्या संगणकीय आराखड्यावरचं पुस्तक आलं. पुढे त्यांच्याच गटानं ई-फाउंड्री नावाची सोय इंटरनेटवर उघडली. तिथं विद्यार्थ्यानं पार्टचं मॉडेल द्यायचं आणि ते कसं गोठेल ते बघायचं. लाखांचं लायसन्स परवडत नाही म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांना हे उत्तर होतं. छोट्या फाउंड्र्यांना आज पार्टमागे ठरावीक पैसे घेऊन सिम्युलेशन करून देणारेही मिळतात.

वाचताना आणखी एक गोष्ट ठळक झाली. पोकळी कुठं येईल ते ओळखायला ज्या कसोट्या वापरतात, त्या सगळ्या सगळीकडे लागू नाहीत. जपानच्या नियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दिलेली कसोटी जगभर वापरली जाते. ती पोलादाच्या कास्टिंगवरून काढलेली आहे. ग्राफाइट फुगवणाऱ्या लोखंडाला ती डोळे मिटून लावली तर चित्र सुंदर येईल आणि फसवेल. म्हणून चित्र काढणाऱ्याला लोखंड कळलं पाहिजे, आणि लोखंड कळणाऱ्यानं चित्राशेजारी बसलं पाहिजे. त्या मुलीनं आणि मी पुढे तसंच केलं. ती चालवायची, मी प्रश्न विचारायचो. हळूहळू माझे प्रश्न सुधारले.

खर्चाचा हिशेब मला पूर्वीही येत होता, पण मी तो अपुरा मांडत होतो. ट्रायल फसली तर लोखंड परत भट्टीत जातं, काही वाया जात नाही, असं आम्ही म्हणायचो. लोखंड परत जातं, वीज जात नाही. इंडक्शन भट्टीत टनामागे साधारण ६०० युनिट लागतात. एसजी करायला घातलेलं मॅग्नेशियमही जळून जातं, ते पुन्हा नव्यानं घालावं लागतं. आणि ज्याचा हिशेब कुठल्याच वहीत नव्हता, तो फेटलिंगच्या माणसांचा. फसलेल्या ट्रायलचंही प्रत्येक कास्टिंग कुणीतरी फोडून काढतं, रायझर तोडतं, ग्राइंडर धरून घासतं, धुळीत उभं राहून. मग ते बाद होतं. माझ्या एका अंदाजासाठी कुणीतरी दिवसभर ती धूळ श्वासात घेत होतं. पडद्यावर फसलेली ट्रायल कुणाच्या फुप्फुसात जात नाही. हे मला आधी दिसायला हवं होतं असं मी म्हणणार नाही, कारण तेव्हा दुसरा मार्गच माझ्यापुढे नव्हता. आता आहे, म्हणून आता ट्रायल घेऊन बघू असं सहज म्हणणं मला पटत नाही.

उत्पादनाच्या बाबतीतही असंच काहीसं घडलं. मालकांना दुसरं मोल्डिंग मशीन घ्यायचं होतं. माल कमी पडतोय तर मशीन वाढवा, हे सगळ्यांनाच पटत होतं, मलाही. त्या मुलीनं सगळ्या लाइनचं साधं मॉडेल केलं: मोल्ड किती वेळात होतो, लोखंडाची वाट किती बघतो, ओतल्यावर किती वेळ थंड व्हावा लागतो, मोल्डचा बॉक्स मोकळा होऊन परत कधी येतो. आठवड्याचं काम पडद्यावर चालवून बघितलं तर मशीन बराच वेळ रिकाम्या बॉक्सची वाट बघत उभं होतं. बॉक्स सगळे थंड होत असलेल्या कास्टिंगमध्ये अडकलेले. दुसरं मशीन आणलं असतं तर तेही शेजारी उभं राहून तीच वाट बघत बसलं असतं. मशीनऐवजी बॉक्स वाढवले.

या प्रकारच्या गणिताचं मूळ बघायला गेलो तर ते टेलिफोनात आणि पोलादात सापडलं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग यांनी १९०९ मध्ये वाट बघणाऱ्या कॉलचं गणित मांडायला सुरुवात केली. आणि कारखान्याचं काम संगणकावर चालवून बघायची पद्धत ज्यांनी घडवली त्यांतले एक, कीथ टोचर, इंग्लंडात शेफील्डच्या युनायटेड स्टील कंपनीत होते. १९५० च्या दशकाअखेर पोलाद कारखान्यांसाठी त्यांनी ते केलं आणि १९६३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. म्हणजे ही पद्धत भट्टीच्या माणसांनी भट्टीसाठी केलेली होती. ती ऑफिसातली आहे, बाहेरची आहे, हा माझा समज त्यामुळे गळून पडला.

त्या गणितातली एक गोष्ट प्रत्येक सुपरवायझरला माहीत असावी असं मला कळकळीनं वाटतं. काम अनियमित येत असेल आणि प्रत्येक नगाला लागणारा वेळही कमीजास्त होत असेल, तर रांगेच्या सगळ्यांत साध्या गणितात, मशीन ८० टक्के वेळ कामात असेल तेव्हा एका नगाला सरासरी चार नगांच्या कामाएवढा वेळ थांबावं लागतं. तेच मशीन ९५ टक्के वेळ कामात ठेवलं तर थांबणं चारवरून एकोणीसवर जातं. आम्ही मशीन क्षणभरही रिकामं दिसू नये म्हणून माणसांवर ओरडायचो. त्यामुळे मशीनपुढे माल साचायचा, साचलेल्या कोअरना ओल धरायची, आणि ओल धरलेल्या कोअरनं कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे वायूचं भोक, यायचं. उत्पादन, दर्जा आणि खर्च हे तीन वेगळे विषय आहेत असं मी मानत होतो. ते एकाच ठिकाणी बिघडताना बघितल्यावर तसं मानता आलं नाही.

रिटायर झाल्यावर मी वालूरला परत आलो. इथं फाउंड्री नाही. पण वेल्डिंगची शेडं आहेत, ट्रॅक्टरची अवजारं दुरुस्त करणारी आणि बनवणारी. त्यांतल्या एका शेडात मी बसायला जातो. त्या कारागिराचा हात फार चांगला आहे; पेरणी यंत्र तो उघड्या डोळ्यांनी जुळवतो. बी किती पडेल विचारलं तर म्हणतो, "काका, रानात गेल्याबिगर कळत नसतंय." मला त्याच्या तोंडून माझंच जुनं वाक्य ऐकू येतं, आणि तो चुकतोय असं मी पटकन म्हणू शकत नाही.

पण रानात जाऊन कळण्याची किंमत इथं फाउंड्रीपेक्षा जास्त आहे. फसलेलं कास्टिंग परत वितळवता येतं. सोयाबीन चुकीचं पडलं तर दुबार पेरणी, आणि तोवर पाऊस निघून गेलेला असतो. माझे वडील सुतारकी करायचे. मृगाआधी नवी तिफण झाली की ते अंगण झाडून घ्यायचे, आईला चाड्यावर मूठ सोडायला उभं करायचे, आणि तिफण कोरड्या जमिनीवरून ओढत दाणे किती अंतरावर पडतात ते वाकून बघायचे. गावात याला कुणी वेगळं नाव दिलं नव्हतं. कृषी अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांत हेच काम चिकट पट्ट्यावर करतात: पेरणी यंत्र जागेवर ठेवायचं, खालून ग्रीस लावलेला पट्टा सरकवायचा, आणि बी कुठं चिकटतं ते मोजायचं.

आमच्या शेडात पट्टा नाही, म्हणून मी त्याला चाक उचलून फिरवायचा हिशेब मांडून दिला. चाकाचा व्यास ६० सेंटीमीटर असेल तर पन्नास फेऱ्यांत ते सुमारे ९४ मीटर चालतं. पाच नळ्या, दोन ओळींत ४५ सेंटीमीटर, म्हणजे सव्वादोन मीटरचा पट्टा. एकूण २१२ चौरस मीटर. एकरी ३० किलो सोयाबीन पडायचं असेल तर एवढ्या जागेत दीड किलोच्या थोडं वर, आणि प्रत्येक नळीखाली साधारण ३१४ ग्रॅम. प्रत्येक नळीला पिशवी बांधली, चाक फिरवलं, वजन केलं. पाच पिशव्यांची वजनं सारखी नव्हती. कुठल्या नळीची जुळणी करायची ते तिथंच, सावलीत, बी न गमावता कळलं.

त्यानं वजनं बघितली, जुळणी केली, आणि मग त्याचा खरा प्रश्न विचारला. शेडात चाक मोकळं फिरतं. ओल्या काळ्या रानात ते घसरतं, कधी चिखल चिकटून जाड होतं, आणि ट्रॅक्टरचे धक्के बसतात. ते तुमच्या हिशेबात कुठं आहे? कुठंच नव्हतं. मी हिशेबाखाली रेघ मारून लिहिलं: चाक घसरत नाही, असं धरलं आहे. मग आम्ही ठरवलं, की चाकाच्या कडेला रंगाची खूण करायची, पहिल्या पावसानंतर वाफसा येताच यंत्र रानात वीस फेऱ्या चालवायचं आणि खरं अंतर टेपनं मोजायचं. जेवढा फरक येईल तेवढा शेडातल्या हिशेबात घालायचा. खूण करून झाली आहे. त्याची एकच अट आहे: टेपचं दुसरं टोक धरायला मी स्वतः रानात यायचं, आणि आकडा त्याच्या बाजूनं निघाला तर तोही त्याच कागदावर लिहायचा.